दुष्काळात रान उघडं ठेवू नका



बुरशी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. लोणच्याला बुरा आला, भाकरी बुरसली, डाळिंबाला मर लागली, म्हणजे बुरशीनं नासाडीच केली. पण आज आम्ही सांगणार आहोत ती बुरशी पिकाच्या मुळांची सोबतीण आहे. तिचं नाव मायकोरायझा. दुकानातल्या पुड्यांवर हा शब्द तुम्ही वाचला असेल. आमच्या बचत गटातही तो पुडीवरूनच आला.

मागच्या वर्षी आमच्यातल्या काही जणींनी अंतर्गत कर्ज काढून या पुड्या आणल्या. "ही वापरा, पाणी नसलं तरी पीक हटणार नाही," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आम्ही ती पावडर पंपात घातली, त्यात बुरशीनाशकही मिसळलं आणि कांद्याच्या पातीवर फवारली. पावसानं मोठा खंड दिला. कांदा गेला, हप्ते राहिले. मग मासिक सभेत प्रश्न आला, यासाठी पुन्हा कर्ज द्यायचं का? ठराव नंतर करू, आधी समजून घेऊ, असं ठरलं. कृषी विज्ञान केंद्रात विचारलं, वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

१८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं या जोडीला मायकोरायझा, म्हणजे 'बुरशी-मूळ', हे नाव दिलं. पण जोडी फार जुनी, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अवशेषांतही ती सापडली आहे. आपली ज्वारी, बाजरी, मका, तूर, हरभरा, मटकी, कांदा, मिरची, डाळिंब या सगळ्यांशी तिचं जमतं. तिचे तंतू डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. मुळाला जिथं शिरता येत नाही अशा मातीच्या फटींत ते शिरतात आणि स्फुरद, जस्त, थोडं पाणी मुळापर्यंत आणतात. बदल्यात झाड तिला पानांत तयार झालेली साखर आणि स्निग्धांश देतं. आपण एकमेकींच्या घरी वाटी पोचवतो ना, तसाच हा देण्याघेण्याचा व्यवहार.

आता दुष्काळात काय होतं? ताण पडला की ज्वारीची पानं दुपारी गुंडाळतात. पाणी वाचवायला झाड पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतं. तोंडं मिटली की साखरही कमी तयार होते. बुरशीची साथ असलेलं झाड बऱ्याचदा जरा उशिरा कोमेजतं आणि पाऊस आला की लवकर सावरतं. शिवाय तिचे तंतू मातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे माती भुसभुशीत राहते. हवामान बदलल्यामुळे आता महिनाभर कोरडं आणि मग एका दिवसात धो धो, असं होतं. अशा वेळी पाणी वाहून जाण्याऐवजी मुरायला या मातीचा उपयोग होतो.

पण तिलाही मर्यादा आहे. जमिनीत ओलच नसेल तर ती कुठून आणणार? आणि मुख्य गोष्ट म्हणजे ती जिवंत मुळाशिवाय जगत नाही. मूळ नसेल तर तिची बीजं मातीत वाट बघतात, पण दिवसेंदिवस कमी होत जातात.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या भागात आपल्यासारखीच काळी जमीन आहे. तिथं दुष्काळामुळे रानं वर्ष-वर्षभर मोकळी राहिली. पुढं पाऊस चांगला झाला, ओल भरपूर होती, तरी सूर्यफूल, मका खुरटले. १९८७ साली थॉम्पसन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की मोकळ्या रानात ही बुरशी घटली होती, म्हणून पिकाला स्फुरद मिळत नव्हतं. म्हणजे दुष्काळ संपला तरी त्याचा मार पुढच्या पिकापर्यंत जातो.

म्हणून मैत्रिणींनो, एवढं करू या.

ओल नसताना पेरा, असं आम्ही म्हणत नाही. रब्बीसाठी एक हंगाम रान पड ठेवणंही वेगळं. पण थोडी ओल मिळाली तर मटकी, हुलगा टाका. बाजरीत तुरीच्या ओळी घ्या. बाजरी निघाली तरी तूर उभी राहते, म्हणजे जमिनीत मूळ जिवंत राहतं. बांध जाळू नका, गवताच्या मुळांत ही बुरशी तग धरते.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, राजगिरा यांच्याशी तिचं जमत नाही. ही पिकं जरूर घ्या, पण त्यांच्यामागून त्याच रानात मका, ज्वारी किंवा कडधान्य येऊ द्या.

गरज नसताना खोल नांगरट नको, तिचं जाळं तुटतं. डीएपी माती तपासूनच टाका. स्फुरद भरपूर असलं की झाड बुरशीला फारसं विचारत नाही.

आणि पुडी घेतलीच तर पातीवर फवारू नका. तिला मूळ लागतं. मिरची, कांदा, वांग्याच्या वाफ्यात बियाण्याच्या खाली मातीत मिसळा, म्हणजे कोवळं मूळ तिच्यातूनच वाढेल. बुरशीनाशकाबरोबर कालवू नका. वापरायची तारीख बघा, पावती घ्या. एक वाफा पुडीविना ठेवा आणि फरक स्वतः बघा. माती उकरून पांढरे धागे दिसले म्हणजे हीच बुरशी, असंही समजू नका. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते.

आमच्या गटानं ठराव केला आहे. पुडीसाठी कर्ज रोपवाटिकेपुरतंच, आणि त्याआधी तूर-मटकीच्या बियाण्यासाठी. गेल्या वर्षीचे हप्ते आम्ही मिळून फेडतोय, कारण चूक एकीची नव्हती, सगळ्यांची होती.

तुमच्या गटाच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. दुष्काळात घरात दाणे राखतो, तशी रानात चार मुळंही राखू या.