उत्तर हाती आले, पुढे काय?

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, इलेक्ट्रॉनिक सिटी वसलेली आहे. १९७० नंतरच्या दशकात आर. के. बालिगा यांनी कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या संस्थेमार्फत तिची उभारणी आरंभिली. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय आज तेथेच आहे. अशा कचेऱ्यांत बसलेला प्रोग्रामर दिवसभर जे करतो त्यातले बरेचसे काम अगदी साधे असते: डेटाबेसला प्रश्न विचारायचा आणि आलेल्या उत्तराचे काहीतरी करायचे.

घोटाळा होतो तो या ‘काहीतरी’पाशी. सातबाराची नक्कल मिळाली म्हणून शेतकऱ्याला तिच्यावर आपल्या हाताने नाव बदलता येत नाही. त्यासाठी तलाठ्याकडे फेरफाराची नोंद व्हावी लागते. डेटाबेसचे उत्तरही कधी नुसती नक्कल असते, तर कधी त्यात केलेला बदल थेट मूळ दप्तरात उतरतो. काही उत्तरे पुढेच वाचता येतात. मागची ओळ पुन्हा पाहण्याची सोय नसते.

मायक्रोसॉफ्टने १९९६ साली आणलेल्या एडीओमध्ये अशा उत्तराला रेकॉर्डसेट म्हणतात. प्रोग्रामर एका प्रकारचा रेकॉर्डसेट मागतो आणि ते न जमल्यास समोरची यंत्रणा निमूटपणे दुसऱ्याच प्रकारचा देते. म्हणून ‘सपोर्ट्स’ हा प्रश्न ठेवला आहे. ओळ वाढविता येईल काय? खोडता येईल काय? मागे जाता येईल काय? उत्तर हो किंवा नाही. ओळी किती, याचा अंदाज न लागल्यास यंत्रणा उणे एक हा आकडा देते. तो खरा मानून कोणी पगारपत्रक छापू लागला, तर ते कोरेच निघायचे!

तथापि ‘हो’ या उत्तरावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. कर्मचारी आणि खाते अशी दोन कोष्टके जोडून उत्तर काढले असेल, तर ‘बदल करता येईल’ असे सांगूनही त्यातला एखादा रकाना बदलास नकार देतो. संबंधाधिष्ठित डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी १९८५ साली घातलेल्या नियमांत एक असा होता, की तत्त्वतः बदलता येण्याजोगे प्रत्येक दृश्य यंत्रणेलाही बदलता आले पाहिजे. व्यवहारात तो पाळणे फार कठीण ठरले. यास्तव जाणता प्रोग्रामर आधी विचारून घेतो, आणि तरीही प्रत्यक्ष नोंद बदलण्याच्या क्षणी नकार आला तर काय करायचे, हे त्याच जागी लिहून ठेवतो.