नाताळच्या तबकड्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेत असताना या व्यासपीठावर मी एकदाच उभा राहिलो होतो, तेही पाठांतर विसरायला. म्हणून आज कागद हातात घेऊन आलोय. संयोजकांनी सांगितलं, "निवृत्तीनंतर काय करतोस ते दहा मिनिटांत सांग." मी जुन्या तबकड्या जमवतो. त्यातही 1940 ते 1965 या काळातल्या नाताळच्या गाण्यांच्या. एका मराठी माणसाला हा नाद कसा लागला, ते सांगतो.

माझे वडील अण्णा, तुमच्यातल्या काहींना आठवत असतील. रेल्वेच्या कचेरीत कारकून. घरात चावीचा ग्रामोफोन आणि पंचेचाळीस तबकड्या. बहुतेक नाट्यगीतं आणि भजनं. त्यांचे कचेरीतले एक गोव्याचे सहकारी 1974 साली कॅनडाला निघाले, तेव्हा जाताना त्यांनी नाताळच्या नऊ तबकड्या अण्णांना दिल्या. दर 25 डिसेंबरला दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की अण्णा त्या नऊच्या नऊ लावत. आई म्हणायची, "कळतं का काही?" ते म्हणत, "शब्द नाही कळत. घंटा कळते." आणि पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकत.

1992 साली आम्ही चाळीतून डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये आलो. सामान कमी करायचं होतं. मी चोवीस वर्षांचा, नवा टेपरेकॉर्डर घेतलेला. अण्णा कचेरीत असताना मी सगळ्या तबकड्या रद्दीबरोबर देऊन टाकल्या. तीस रुपये आले. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी 25 डिसेंबरला त्यांनी ग्रामोफोन उघडला, फडक्याने पुसला, चावी दिली, रिकामी थाळी फिरताना थोडा वेळ पाहिली आणि झाकण लावलं. 2001 साली ते गेले. माझा नाद त्यानंतरचा आहे.

शोधायला लागलो तसं एकेक कळत गेलं. 78 फेऱ्यांची ती तबकडी प्लास्टिकची नसते, लाखेची असते. आणि ती लाख आपल्याच देशातली, छोटा नागपूरकडची, पळस-कुसुमाच्या झाडांवरची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, म्हणून त्या काळातली गाणी तेवढीच. बिंग क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस' 1942 मध्ये ध्वनिमुद्रित झालं. ते इतकं खपलं, की प्रती काढून काढून मूळ साचा झिजला आणि 1947 मध्ये त्याच गायकाला तेच गाणं पुन्हा गावं लागलं. आज सगळीकडे ऐकू येतं ते हे दुसरं. पहिलं मिळालं की संग्राहकाला रात्री झोप लागत नाही. ते गाणं लिहिणारे आयर्विंग बर्लिन ज्यू होते. आणि 'जिंगल बेल्स', जे आपण गॅदरिंगमध्ये टोप्या घालून म्हटलं, ते 1857 सालचं. त्यात नाताळचा उल्लेखच नाही, नुसती बर्फावरची घोडागाडी आहे! म्हणजे अण्णा बरोबर होते. घंटा कळली की पुरे.

1963 मध्ये जिम रीव्ह्जची नाताळच्या बारा गाण्यांची एलपी आली. पुढच्याच वर्षी विमान अपघातात तो गेला, पण आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत डिसेंबरमध्ये तोच आवाज अजून असतो. अण्णांच्या ग्रामोफोनवर मात्र एलपी चालत नाही. तो 78 चाच.

आता कुठे मिळतात? चोर बाजारात मटण स्ट्रीटला मी पुष्कळ फिरलो. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं, त्या दिवशीही जाऊन आलो. मुंबईत 1990 पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. तिथल्या जाणत्यांचं काम पाहिलं, की आपण किती कच्चे ते कळतं. पण गंमत म्हणजे माझा निम्मा संग्रह आपल्या शीळफाट्याचा आहे. कल्याण, मुंब्रा, महापे, पनवेल, चारी बाजूंचा जुना संसार ट्रकने इथल्या भंगार गोदामांत उतरतो. पत्रा, लाकूड, काच वेगळी होते. तबकडीला किलोवर कोणी विचारत नाही, ती ढिगाखाली फुटते. आता दोन गोदामवाले मला फोन करतात. "चाचा, तुमचा काळा माल आलाय."

आज माझ्याकडे नाताळच्या बासष्ट तबकड्या आहेत. अण्णांच्या नऊपैकी सहा गाणी त्यांत आहेत. पण त्या अण्णांच्या तबकड्या नव्हेत. प्रत्येक पाकीट हातात आलं की मी आधी कोपरा बघतो, पेन्सिल आहे का. अजून दिसलेली नाही.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या इमारती आता पुनर्विकासाला जाताहेत. माळे रिकामे होतील. तबकड्या निघाल्या, मग त्या भजनाच्या असोत, नाटकाच्या की नाताळच्या, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ठेवायच्या असतील तर एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. ओल्या मऊ फडक्याने पुसा, स्पिरिट अजिबात लावू नका, लाख विरघळते. पोलादी सुई दर बाजूला बदला. नको असतील तर मला कळवा, मी रिक्षा करून येतो. विकत घ्यायला नाही म्हणणार नाही, पण आधी तुमच्याबरोबर बसून ऐकेन.

अण्णांचा ग्रामोफोन मी आज आणलाय, मागच्या टेबलावर आहे. जेवणानंतर लावू. बाई, पहिली चावी तुम्ही द्यायची. इंग्रजीच्या तासाला आम्ही जे नीट म्हटलं नाही, ते आज नीट ऐकू. आणि पाकिटावर आजची तारीख मी पेन्सिलीने टाकणार आहे.