बोटीचं शेपूट बदलताना



कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी होड्या पाहिल्या आहेत, त्यांना इंजिन बसवण्याच्या दोन तऱ्हा ठाऊक असतील. एक म्हणजे इंजिन होडीच्या पोटात आणि पंखा तळाखाली. दुसरी म्हणजे इंजिन, दांडा, पंखा असं सगळं बिऱ्हाड होडीच्या पाठीला टांगलेलं. अमेरिकेतल्या सरोवरांवर सहलीच्या ज्या छोट्या बोटी दिसतात, त्यांतल्या अनेकींना मात्र तिसरी तऱ्हा असते. इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून. आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर आलेला एक पाय. या पायाच्या टोकाला पंखा. बोट वळवायची तर हा अख्खा पाय वळतो, उथळ पाणी आलं तर तो वर उचलता येतो. याला म्हणतात स्टर्नड्राइव्ह.

ही कल्पना बाजारात यशस्वी झाली ती १९५९ साली. जिम विन या अमेरिकन अभियंत्याची रचना स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीनं त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोटप्रदर्शनात मांडली. १९६१ मध्ये मर्क्रूझर आली. मोटारगाडीचं इंजिन थोड्या फेरफारानं बोटीत बसू लागलं आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात ट्रेलरवर बोट उभी राहिली.

त्या बोटी अजून आहेत. फायबरग्लासचं अंग चाळीस वर्षांनीही टिकून असतं. पण एखाद्या वर्षी उन्हाळ्यात सरोवराचं पाणी उतरतं, बोट वेगात असताना तो पाय खडकावर आदळतो, आणि पंख्याचा दांडा वाकतो, दात्यांचे तुकडे उडतात. नवा पाय घ्यावा तर जुन्या बोटीच्या एकूण किमतीपेक्षा तोच महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मग मालकाची पावलं वळतात ती मोडीत निघालेल्या बोटींकडे.

तिथं एक गमतीची व्यवस्था निसर्गानंच करून ठेवली आहे. उत्तरेकडच्या मिनेसोटासारख्या राज्यांत हिवाळ्यात सगळं गोठतं. बहुतेक जुनी इंजिनं सरोवराचंच पाणी ओढून थंड होतात. मोसम संपताना ते पाणी काढून टाकायचं राहिलं, की त्याचा बर्फ होतो, फुगतो आणि इंजिनाचं ओतीव लोखंड तडकतं. अशा बोटीचं काळीज फुटलेलं, पण पाय धडधाकट. शिवाय तो जन्मभर गोड्या पाण्यात राहिलेला, म्हणून अॅल्युमिनियमला खाऱ्या पाण्यानं पाडलेली भोकं नाहीत. एकाचं इंजिन गेलं, दुसऱ्याचा पाय मोडला. दोघांची गाठ पडली की एक बोट पुन्हा पाण्यात उतरते.

मात्र गाठ जुळवताना पत्रिका नीट पाहावी लागते. मर्क्रूझरचा अल्फा वन हा फार खपलेला पाय. पण १९९१ च्या सुमारास त्याची दुसरी पिढी आली. दोन्ही पिढ्या दिसायला सख्ख्या बहिणी. तरी एकीचा वरचा भाग आणि दुसरीचा खालचा भाग एकमेकांना जुळत नाहीत. दुसरी गोष्ट दातेचाकांच्या गुणोत्तराची. आठ सिलिंडरच्या इंजिनाला साधारण दीड फेऱ्यांमागे पंख्याची एक फेरी असा हिशेब असतो, चार सिलिंडरच्याला जवळजवळ दोन. चार सिलिंडरचा पाय आठ सिलिंडरच्या इंजिनाला लावला, तर इंजिन नुसतं भिंगरीसारखं फिरेल. उलट केलं तर ते बिचारं ओझ्याखाली दबेल. म्हणून रंगावर न जाता पायावरचा क्रमांक आधी वाचावा.

मग तेल पाहावं. तळाचा स्क्रू काढला की तेल काय ते सगळं सांगतं. दुधाळ आलं तर आत पाणी शिरलं आहे. स्क्रूच्या लोहचुंबकाला बारीक कीस चिकटला असेल तर तो नेहमीच्या झिजेचा. पण धातूचे तुकडे निघाले, तर तिथूनच रामराम करावा. पंख्याचा दांडा हातानं फिरवून पाहावा. टोक डोलत असेल तर तो वाकलेला आहे.

आता खरी जोखमीची गोष्ट. पाय बसतो ते भोक बोटीच्या पाठीला असतं आणि बरंचसं पाण्याखाली. दांडा हलता राहावा, पण पाणी आत येऊ नये, म्हणून त्याभोवती रबराचा भाता असतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा. त्याला चीर गेली, की बंदराला बांधलेली बोटसुद्धा रातोरात बुडू शकते. म्हणून जाणते कारागीर एक नियम पाळतात: धातू जुना चालेल, रबर नवंच हवं. भाता, तेल अडवणारी सीलं, पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चक्री, यांत काटकसर नाही. पाय काढलेलाच असतो, तेव्हा आतली बेअरिंगही फिरवून पाहावी. खरखरली तर बदलावी.

बसवताना घाई उपयोगाची नाही. इंजिन आणि पाय एका रेषेत आहेत का, हे पाहायला एक लांब पोलादी दांडी मिळते. ती सहज आत सरकली पाहिजे. हातोडा मारून सरकवावी लागली तर रेषा चुकलेली आहे. इंजिनाचे पाये खालीवर करून ती जुळवावी. हे आज टाळलं, तर उद्या सांधे झिजतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

आणि हे सगळं करण्याआधी बोटीची पाठ ठोकून पाहावी. फायबरग्लासच्या आत बहुधा प्लायवूड असतं. आवाज बद्द आला तर लाकूड कुजलं आहे, आणि कुजक्या भिंतीला चांगला पाय लावण्यात अर्थ नाही.

काहींना तर याखेरीज दुसरा मार्गच नाही. जॉन्सन आणि एविनरूड ही इंजिनं बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही मोठी अमेरिकन कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. तिचे स्टर्नड्राइव्ह बनणं त्याच्याही आधी थांबलं होतं. आज तसा पाय मोडला, तर त्याचे बरेच भाग मिळतात ते दुसऱ्या मोडक्या बोटीतूनच.

श्रोतेहो, मोडीत काढलेली प्रत्येक वस्तू संपलेली नसते. तिच्यातलं काय अजून धड आहे आणि काय नवं घ्यायलाच हवं, एवढं ओळखता आलं की दुरुस्ती निम्मी झाली. उरलेली निम्मी पाना हातात घेऊन, सावकाश करावी. कारण त्या बोटीत बसणारी माणसं आपलीच असतात.