पेटीतला पाहुणा : सकर मासा

शहरगावच्या एखाद्या शाळेत मासे पाळलेली काचेची पेटी असली, तर तीत काचेला तोंड लावून बसलेला काळसर, ठिपकेदार मासा आपण पाहिला असेल. दुकानदार त्याला ‘सकर’ म्हणतात. “हा काच साफ ठेवतो बरं का,” असे सांगून दोन-तीन इंचांचे पिल्लू हाती देतात. हा पाहुणा आहे तरी कोण?

त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात. आपल्या शिंगाळ्याचा तो दूरचा भाऊबंद. पण शिंगाळ्याचे अंग गुळगुळीत, तर याच्या अंगावर हाडांच्या चकत्यांचे चिलखत! तोंड खालच्या अंगाला. त्याने तो दगडाला, लाकडाला घट्ट चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, तरी त्याचे अडत नाही. वर येऊन तो हवेचा घोट गिळतो. पोटाच्या अस्तरातून प्राणवायू रक्तात जातो. नर काठाच्या मातीत बीळ करतो, मादी त्यात अंडी घालते आणि राखण करतो तो बाप!

पाळायचा असेल, तर आधी विचार करा. हे पिल्लू वाढून फूट-दीड फुटाचे होते आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकते. नुसत्या शेवाळावर त्याचे भागत नाही. तो रात्री चरणारा. म्हणून दिवा मालवल्यावर काकडीची फोड किंवा उकडलेला पालक द्यावा, उरलेले सकाळी काढावे. लपायला लाकडाचा ओंडका ठेवावा. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.

आता खरी गोष्ट. पेटी अपुरी पडली, की माणसे दया येऊन मासा तळ्यात सोडतात. ही दया महागात पडते. तो तिथे वाढतो, बिळांनी काठ पोखरतो, इतर माशांचे अन्न खातो. त्याचे काटे जाळ्यात अडकून जाळे फाटते आणि बाजारात त्याला भाव नाही. आपल्या उजनी जलाशयातल्या मच्छीमारांना हा ताप चांगला ठाऊक आहे.

म्हणून गुरुजींनो, मुलांना एवढे जरूर सांगा : मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत करा, मोठी पेटी असलेल्याला द्या, पण विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नका. पेटीतला पाहुणा पेटीतच बरा.