काकवी, धूर आणि २५ वर्षं

आज आवाज जरा वेगळा येईल, कारण पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, गगनबावड्याच्या घरातून बोलतोय. मागे जो सलग आवाज येतोय तो पत्र्यावरचा पाऊस. एडिटमध्ये काढून बघितला, जात नाही. राहू दे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, जुनी सिंगल माल्ट प्यायची कशी? तर आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून एक बाटली घेतली. ग्लेनफार्क्लास, २५ वर्षांची. ही पिंपात भरली तेव्हा मी फार तर अंगणवाडीत असेन. माझ्या वाटणीची छोटी शिशी घेऊन गावी आलो.

आता खरं सांगतो, त्यासाठी आमच्या घराइतकी अवघड जागा नाही. माझे धाकटे चुलते दारूनं गेले. मी सातवीत होतो. तेव्हापासून आमच्याकडं तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही. आबा एसटीत ड्रायव्हर होते, करूळ घाटात उभं आयुष्य गेलं, कधी थेंब घेतला नाही. त्यामुळं मी मागच्या पडवीत बसलो, चोरासारखा. वय वर्षं २८, खिशात सरकारी परवाना, तरी चोरासारखा.

कृती सोपी आहे. सोडा नाही, बर्फ नाही, शेंगदाणे तर नाहीतच. ग्लास पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता हवा. ओतून वीस मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. मग ग्लास नाकाजवळ न्यायचा, नाक आत खुपसायचं नाही. ४३ टक्के अल्कोहोल आहे, झिणझिण्या येतात. तोंड किंचित उघडं ठेवलं की वास नीट कळतो. लोक जिभेला महत्त्व देतात, पण यातलं निम्म्याहून जास्त काम नाकाचं.

पाणी घालायचं का? २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं, की ग्वायाकोल नावाचा धुरकट वासाचा रेणू जास्त कडक व्हिस्कीत अल्कोहोलच्या गर्दीत दडून राहतो आणि पाणी वाढलं की पृष्ठभागाकडं येतो. ही बाटली मुळातच ४३ वर आणलेली, त्यामुळं दोन थेंब म्हणजे डोक्यावरून पाणी.

माझी अडचण पुढचीच. वहीत मी लिहिलं होतं, ‘खजूर, अक्रोड, संत्र्याची साल’. म्हणजे इंटरनेटवरच्या परीक्षणांची कॉपी-पेस्ट. तिकडचे लोक ख्रिसमस केक लिहितात, हेदरची फुलं लिहितात. हेदर मी जन्मात हुंगलेलं नाही!

तेवढ्यात आबा आले. “काय हाय ते?”

खोटं बोलायचं जमलं असतं. नाही बोललो. सगळं सांगितलं, किंमत सोडून. आबा बराच वेळ पावसाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ग्लास अंगणात जाणार. त्यांनी उचलला, लांबूनच वास घेतला. परत घेतला.

“काहील उतरवायच्या आधीचा वास हाय ह्यो. काकवी. आन् खालनं चुलवाणाचा धूर.”

एसटीत लागण्याआधी आबांनी तीन हंगाम गुऱ्हाळावर काढलेत. मी पुन्हा वास घेतला आणि खरंच, काकवी! यात भाबडेपणा काही नाही. शेरीचं पिंप करताना ओकच्या फळ्या विस्तवावर तापवून वाकवतात, त्यात लाकडातल्या साखरी भाजतात. व्हिस्की २५ वर्षं त्या लाकडात मुरलेली. मी वहीतली ओळ खोडली.

“पंचवीस वर्सं नुस्तं ठेवलेलं? आटत न्हाई?”

आटतं की. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. मी आबांना मोबाईलवर हिशोब दाखवला. २०० लिटरचं पिंप, २५ वर्षांनी उरतं साधारण १२० लिटर. आपल्या हवेत वर्षाला १० टक्के धरा, तर उरतं १४. म्हणून गोव्याची पॉल जॉन घ्या, बेंगळुरूची अमृत घ्या, आपल्या माल्ट वयानं लहानच असतात. अमृतनं २०१३ मध्ये ८ वर्षांची काढली तर नावच दिलं ग्रीडी एंजल्स, हावरे देवदूत. तेव्हा लेबलावरच्या आकड्याला फार भुलू नका. फार मुरली तर नुसती लाकूड चावल्यासारखीही लागते.

आबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, “तुझ्या काकाला वीस मिनिटं दम निघाला असता तर...” पुढं बोलले नाहीत.

यावर माझ्याकडं उत्तर नाही. ग्लास महाग असला, तरी आतलं अल्कोहोल काकाच्या बाटलीतलंच होतं. चव घेतो म्हणणारा माणूस वेगळा असतो, असं मी घरात तोंड वर करून सांगू शकत नाही. त्या रात्री ३० मिली घेतली, दीड तास लावून. उरलेली शिशी बूच लावून बॅगेत.

एक राहिलंच. रिकामा ग्लास लगेच धुवू नका. रात्रभर तसाच ठेवला की अल्कोहोल उडून जातं आणि तळाला नुसता वास उरतो, गोडसर, जुन्या लाकडी कपाटासारखा. सकाळी उठून बघितलं तर ग्लास पडवीत नव्हता. आबा चुलीपुढं बसले होते, चहा निवलेला, आणि ग्लास हातात.