मुक्या जीवांची साक्ष
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी शास्त्रावर काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण विषय आपल्या घरातलाच आहे. एखादे मूल कोणात मिसळत नाही, हाकेला वळत नाही, नजरेला नजर देत नाही. याला स्वमग्नता म्हणतात. आपण मात्र लगेच म्हणतो, "आईचे लक्ष नसेल!" अमेरिकेतही पूर्वी काही डॉक्टर आईच्या थंड स्वभावावरच खापर फोडीत. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून ते मत खोडून काढले. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते.

आता मुक्या जीवांचे ऐका. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात चारशेहून अधिक बीगल कुत्र्यांपुढे खाऊ तीन ठिकाणी झाकून ठेवला. दोन झाकणे सरकत, तिसरे मुद्दाम घट्ट बसवलेले. काही कुत्री माणसाच्या तोंडाकडे पाहून जणू "काढून द्या ना" म्हणू लागली. काही एकटीच झाकणाशी झटत राहिली. सगळी एका जातीची, एकाच रीतीने वाढवलेली! मग फरक कशाचा? काही अंशी जनुकांचा, म्हणजे आईबापांकडून उतरणाऱ्या गुणांच्या बीजांचा. त्यांतली काही जनुके माणसांतील स्वमग्नता व छिन्नमनस्कता यांच्याशी जोडलेली आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने मधमाश्यांचे सांगितले. परकी माशी आली की पोळ्यातल्या माश्या तिच्यावर धावतात. राणीची अळी दिसली की तिला भरवतात. पण काही माश्या दोन्हींकडे ढुंकून पाहत नाहीत. त्यांच्या मेंदूतील जनुकांच्या कामाचा मेळ माणसांतील स्वमग्नतेच्या जनुकांशी बसला. छिन्नमनस्कतेच्या जनुकांशी बसला नाही.

म्हणून माशीला स्वमग्नता होते असे नव्हे, की एकच जनुक सारे ठरवते असेही नव्हे. पुष्कळ जनुके थोडाथोडा वाटा उचलतात. आणि कोणते जनुक मुलाला द्यावे, हे ना आईच्या हाती, ना बापाच्या.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या हळदीकुंकवाला अशा मुलाच्या आईला मुलासकट बोलवा. मूल कोपऱ्यात बसले तर बसू द्या. आणि "तुमचे काय चुकले हो?" असे तिला कोणी विचारू नका.