परतीचे दिवस



प्रवासवर्णने वाचण्याची गोडी आपल्यापैकी पुष्कळांना आहे. ती वाचताना एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. निघण्याच्या तयारीला तेथे सबंध एक प्रकरण मिळते. व्हिसासाठी घातलेले हेलपाटे, उसने आणलेले गरम कपडे, लाडू-चिवड्याचे डबे, निरोप द्यायला आलेली मंडळी, सारे काही त्यात येते. परतीला मात्र दोनच ओळी मिळतात. ‘जड अंतःकरणाने त्या नगरीचा निरोप घेतला’ असे लिहून लेखक जो निघतो, तो एकदम मुंबईच्या विमानतळावर उतरतो. ते अंतःकरण जड होत होते ते तीन-चार दिवस कसे गेले, त्या दिवसांत त्याने काय केले, हे कोणी सांगत नाही. आज मी त्या दिवसांविषयी बोलणार आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. रोमला जावे असे आम्हां उभयतांच्या मनात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून होते. पण आधी घराचे हप्ते, मग मुलांची शिक्षणे, मग माझ्या आईचे दुखणे, असे करता करता मी सेवानिवृत्त झालो तेव्हा कोठे तो योग आला. हाती दहा दिवस होते. पहिले सात दिवस कसे गेले ते कळले नाही. आठव्या दिवशी सकाळी हिने बॅग उघडली ती पुन्हा मिटेना, आणि तेथून आमचे बोलणेच बदलले. बॅगेचे वजन किती भरेल, शेजाऱ्यांना काय न्यायचे, दूधवाल्याला कोणत्या तारखेपासून सांगितले आहे! खरे सांगायचे तर वरणभाताची आठवण येऊ लागली होती. घरची ओढही होती आणि रोम सुटणार म्हणून वाईटही वाटत होते. दोन्ही भावना खऱ्या होत्या, पण त्यांच्या ओढाताणीत मला समोरचे दिसेनासे झाले होते. कलोसियमपुढे उभा राहून मी घरच्या टाकीचा नळ बंद केला होता की नाही, ते आठवीत होतो. तेव्हा ही म्हणाली, “अहो, अजून तीन दिवस आहेत ना? मग आत्तापासूनच कशाला निघालात?”

ते बोलणे मला लागले. दुसऱ्या दिवशी खरेदीला जायचे सोडून आम्ही कोर्सो नावाच्या रस्त्यावरच्या १८ नंबरच्या घरी गेलो. जर्मन महाकवी गटे रोममध्ये याच घरात राहत असे. १९९७ पासून तेथे त्याचे स्मारक-संग्रहालय आहे. परतीचे दिवस कसे घालवावेत, हे त्या माणसापासून शिकण्यासारखे आहे असे मला वाटते. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

गटेच्या वडिलांनी १७४० मध्ये इटलीचा प्रवास केला होता. फ्रँकफुर्टच्या त्यांच्या घराच्या ओसरीत रोमची चित्रे टांगलेली होती आणि ती पाहत पाहत हा मुलगा वाढला. पुढे १७७५ मध्ये तो आल्प्समधल्या गोथार्ड खिंडीपर्यंत पोचला आणि इटली डोळ्यांसमोर असताना परत फिरला. त्याच वर्षी पुन्हा इटलीला म्हणून निघाला, तो हायडेलबर्गला वायमारच्या दरबाराचा निरोप त्याला गाठून परत घेऊन गेला. १७७९ मध्ये पुन्हा तीच गोथार्ड खिंड, आणि पुन्हा माघार. त्यानंतर वायमारच्या छोट्या संस्थानात तो अधिकारी म्हणून राबत राहिला. खाणी, रस्ते, सैन्यभरती, तिजोरी, सगळी खाती त्याच्या गळ्यात! कवी खात्यांखाली दडपून गेला. आपल्यापैकी ज्यांनी कचेरीत उमेद घालविली आहे त्यांना हे अधिक सांगायला नको.

शेवटी ३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता तो कार्ल्सबादहून कोणालाही न सांगता निघाला. संस्थानचे ड्यूक कार्ल ऑगुस्त यांच्याकडे त्याने रजा मागितली होती, पण कोठे जाणार ते कळविले नव्हते. नाव बदलून, म्यॉलर नावाचा चित्रकार म्हणून तो इटलीत शिरला. ऑक्टोबरअखेर रोमला पोचला तेव्हा त्याचे वय ३७ होते. म्हणजे ओसरीतल्या त्या चित्रांत शिरायला त्याला इतकी वर्षे लागली. मधले काही महिने नेपल्स आणि सिसिलीत गेले, उरलेला काळ रोममध्ये. ड्यूक उदार असल्यामुळे रजा वाढत गेली आणि पगारही चालू राहिला. पण रजा कितीही वाढली तरी ती रजाच! १७८८ च्या वसंतात, आपण येथे जमलो आहोत अशाच दिवसांत, परत निघण्याची वेळ आली.

वायमारला परतल्यावर त्याने हर्डर या आपल्या स्नेह्याच्या पत्नीला सांगितले की, रोम सोडण्यापूर्वी पंधरा दिवस मी रोज लहान मुलासारखा रडत होतो. युरोपभर ज्याचे नाव झाले होते, असा ३८ वर्षांचा माणूस हे सांगतो आहे! मला त्याच्या रडण्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते ते हे की, रडता रडता त्याने ते दिवस वाया घालविले नाहीत. त्या काळात त्याने केलेल्या तीन गोष्टी मला विशेष वाटतात.

पहिली गोष्ट अशी की, त्याने स्वतःचा हिशेब केला. चित्रकार व्हावे अशी त्याची लहानपणापासूनची हौस होती. इटलीत त्याने शेकडो चित्रे रेखाटली, रोममधल्या चित्रकारांच्या हाताखाली धडे घेतले. मुक्कामाच्या अखेरच्या महिन्यांत, फेब्रुवारी १७८८ मध्ये, त्याने घरी कळविले की, आपण कवितेसाठी जन्मलो आहोत हे आता रोज अधिक स्पष्ट होते आहे आणि चित्रकला करण्याचा नाद आपण सोडीत आहोत. रोममध्ये दीर्घकाळ राहिल्याचा हा लाभच झाला, असे तो मानतो. परक्या मुलखातून काय घेऊन जायचे याचा विचार सगळेच करतात. तेथे काय सोडून यायचे हे ठरविणारा विरळा.

दुसरी गोष्ट. त्याने झाडे लावून दिली. खोलीत त्याने पाइनच्या बीपासून एक रोप वाढविले होते, खजुराच्या बियांपासूनही काही रोपे केली होती. निघताना पाइनचे रोप त्याने आंजेलिका काउफमान या चित्रकर्तीच्या बागेत लावले आणि खजुराची रोपे एका रोमन मित्राच्या हवाली केली. पुढे काय झाले तेही त्यानेच लिहून ठेवले आहे. आंजेलिका १८०७ मध्ये वारल्या. बाग दुसऱ्याच्या हाती गेली. फुलांच्या वाफ्यात हे झाड कशाला, म्हणून नव्या मालकाने पाइन काढून टाकला. खजुराची झाडे मात्र जगली आणि पुरुषभर उंच झाली. पाइन आणि खजूर, दोन्ही त्याने सारख्याच मायेने वाढविले होते. मागे ठेवलेल्या वस्तूवर आपला हक्क राहत नाही, हे जाणूनही लावायचे ते त्याने लावले.

तिसरी गोष्ट म्हणजे, त्या शेवटच्या रात्री त्याने नवे काही पाहिले नाही. निघण्याच्या तीन रात्री आधी आकाशात स्वच्छ पूर्ण चंद्र होता. पुष्कळदा फिरला होता त्याच कोर्सो रस्त्याने तो एकटा निघाला. कॅपिटल टेकडीवर चढला. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा पाहिला, मागच्या पायऱ्या उतरून सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळ्या पडलेल्या कमानीजवळून ओसाड जुन्या रस्त्याने कलोसियमपर्यंत गेला. बंद दारातून आत डोकावला, अंगावर काटा आला आणि तो झपाझप माघारी वळला. ओळखीच्या वस्तू त्या रात्री त्याला अनोळखी आणि गूढ वाटल्या. तेव्हा त्याला रोमन कवी ओव्हिड आठवला. इ. स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्राच्या काठी हद्दपार केले होते. रोममधल्या आपल्या अखेरच्या रात्रीवर त्याने लिहिलेली विलापिका प्रसिद्ध आहे. ती मनात घोळू लागल्यामुळे गटेला स्वतःची कविता सुचेना. पुढे त्याने प्रयत्न केला, तरी ती झालीच नाही. आपल्या प्रवासाचा शेवटचा भाग १८२९ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा, वयाच्या ८० व्या वर्षी, त्याने अखेरीला ओव्हिडच्याच ओळी दिल्या. एवढा मोठा कवी, पण निरोपासाठी त्याला दुसऱ्याचे शब्द उसने घ्यावे लागले.

येथे मला आपल्या कालिदासाची आठवण होते. ‘शाकुंतला’चा चौथा अंक आपण सर्वजण जाणता. कण्वाच्या आश्रमातून निघताना शकुंतला आपल्या लाडक्या वेलीला मिठी मारते, आणि तिने वाढविलेले हरणाचे पाडस मागून तिचे वस्त्र ओढते. सासरी जाण्याची उत्सुकता तिला आहेच, आणि पायही निघत नाही. गोड आणि कडू यांचा इतका सरळ मेळ दुसरीकडे क्वचितच सापडेल. फोर्स्टरने केलेले या नाटकाचे जर्मन भाषांतर १७९१ मध्ये गटेच्या हाती पडले आणि तो हरखून गेला. त्याने ‘शाकुंतला’ची केलेली स्तुती आपण अभिमानाने सांगतो. पण तीनच वर्षांपूर्वी याच माणसाने परक्या गावी आपल्या हाताने वाढविलेल्या रोपांचा निरोप घेतला होता, हे आपल्या ध्यानात नसते. चौथा अंक वाचताना त्याला ती रोपे आठवली असतील काय? मला तसे वाटते. हा माझा केवळ तर्क आहे.

परतल्यावर सगळे गोड झाले असे मात्र नाही. जून १७८८ मध्ये तो वायमारला पोचला. आकाश करडे, मित्रमंडळी थंड. न सांगता निघून गेल्याबद्दल शार्लोट फॉन श्टाइन यांचा राग गेला नव्हता. आपल्याला काय गमवावे लागले ते कोणालाच कळेना, याची खंत त्याने पुढे लिहून ठेवली आहे. परदेशाहून आलेल्या माणसाचे फोटो आपण तिसऱ्या फोटोनंतर कसे पाहतो, हे आठवले म्हणजे ही खंत आपल्याला समजेल. पण ड्यूकने त्याची बहुतेक कामे कमी केली. ‘टासो’ हे नाटक पुरे झाले, ‘रोमन एलिजी’ या कविता झाल्या. दोन वर्षांनी, १७९० मध्ये, तो दरबारच्या कामासाठी व्हेनिसला गेला. इटली तीच होती, पण यावेळी त्याचे मन विटले, आणि तेथे लिहिलेल्या कविता कडवट उतरल्या. रोमला तो पुन्हा कधीच गेला नाही. रोममध्ये असताना त्याने तेथल्या सेस्टियसच्या पिरॅमिडजवळ आपली समाधी असावी असे कल्पून तिचे चित्र काढले होते. १८३० मध्ये त्याचा एकुलता एक मुलगा ऑगुस्त रोममध्ये वारला आणि त्याच पिरॅमिडजवळच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्या शिळेवर मुलाचे नाव नाही. ‘गटेचा पुत्र, पित्याच्या आधी गेला’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे.

कोर्सोवरच्या त्या घराच्या खिडकीशी उभे राहून मी हे सारे आठवीत होतो. टिशबाइन या त्याच्या मित्राने त्याचे एक चित्र काढले आहे. पायांत सपाता घातलेला गटे पाठमोरा, खिडकीतून खाली रस्त्याकडे वाकून पाहतो आहे. त्याच्या इतर भव्य चित्रांपेक्षा मला हे अधिक जवळचे वाटते. बाहेर पडल्यावर मी हिला म्हणालो, “आता नवे काही नको. आपल्या नेहमीच्या रस्त्यानेच जाऊ.”

आमच्या हॉटेलाच्या कोपऱ्यावर एक लहानसे कॉफीचे दुकान होते. तेथील बाई रोज सकाळी आमच्याशी इटालियनमध्ये बोलत आणि ही मराठीत उत्तर देई. शेवटच्या दिवशी डब्यात थोडा चिवडा उरला होता. बॅगेचे वजन कमी होईल असे मी म्हणणार होतो, पण हिने तो कागदात नीट बांधून त्या बाईंच्या हाती दिला आणि आम्ही नमस्कार करून निघालो. त्यांनी तो खाल्ला की आम्ही वळल्यावर टाकून दिला, मला ठाऊक नाही. त्याचा पाइन झाला की खजूर, हे आम्हांला कधीच कळणार नाही. रस्ता ओलांडल्यावर ही थांबली आणि म्हणाली, “आता पुन्हा येणे होत नाही हो.” गुडघे दोघांचेही तसेच आहेत. मी काही बोललो नाही. पण त्या क्षणी आम्ही दोघेही पुरतेपणी रोममध्ये होतो, घरच्या टाकीपाशी नव्हतो.

श्रोतेहो, या उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणी दूरदेशी निघाले असतील, तर माझे एवढेच सांगणे आहे. शेवटचे दोन दिवस राहिलेली स्थळे उरकण्यासाठी ठेवू नका. जे आवडले ते पुन्हा एकदा पाहा, काही सोडून द्या, कोणाला काही देऊन या. वाईट वाटेल, ते वाटू द्या. ज्या गावाहून निघताना पाय जड होत नाहीत, तेथे आपण पोचलोच नव्हतो असे समजावे. आणि आमच्या वयाच्या मंडळींना आणखी एक सांगतो. एवढ्या लहान निरोपाची सवय असली म्हणजे मोठा निरोप घेतानाही माणसाला आपल्या लावलेल्या रोपांकडे एकदा शांतपणे पाहता येत असावे.